हरण्याला जोड

मुरगूडच्या बाजारात कुतुबुद्दीनने तिसराही बैल नाकारला, तेव्हा नृसिंह मास्तर वैतागले.

"अरे, ह्यात काय वाईट आहे?"

"खोड हाय."

"दात तरी बघितलेस का त्याचे?"

कुतुबुद्दीन आपल्या बैलाचा, हरण्याचा कासरा धरून पुढं चालू लागला.

हा चौथा बाजार. कुतुबुद्दीन कोल्हापुरात गुळाच्या अडतीवर बैलगाडी हाकायचा. थंडीत त्याची बायको मेहमुदा गेली; बैलांना वैरण तीच टाकायची. दोन महिन्यांनी हरण्याचा जोडीदार पाखऱ्या पोट फुगून मेला. तेव्हापासून हरण्या वैरणीला धड तोंड लावत नव्हता. जोड मिळाली नाही तर हा पावसाळा काढणार नाही, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

उंची जुळवून बघता यावी म्हणून हरण्याला बरोबर आणायचं. मास्तर शेजारी राहायचे. व्यवहाराचा कागद लिहायला ते यायचे.

गडहिंग्लजला तर हुबेहूब हरण्यासारखा बैल मिळाला होता. कुतुबुद्दीनने मालकाला विचारलं, वैरण कोण टाकतं? मालक म्हणाला, गडी हाय की. तेवढ्यावर हा माघारी वळला. दुःखानं माणसाचं डोकं चालत नाही, असं मास्तरांनी मनाशी म्हटलं.

आज सकाळी येताना ट्रकमध्ये त्यांनी त्याचं मन रमवायला एक गोष्ट काढली. तीस वर्षं त्यांनी इंग्रजी शिकवलं होतं.

"आपली पोरं फुटबॉलची टीम म्हणतात ना, तो शब्द बैलांचा. इंग्रज शेतकरी एका औताला जुंपलेल्या बैलांना टीम म्हणायचा. माणसांना नंतर म्हणू लागले."

"बरोबरच हाय की! आमची पोरं बैलागतच भिडत्यात."

"त्याच्याही आधी, हजार वर्षांपूर्वी, टीम म्हणजे एका आईची पिल्लं. एका घरचं सगळं लेंढार."

कुतुबुद्दीन हरण्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "आन् मास्तर, त्यातला एकच उरला, तर त्याला इंग्रज काय म्हणतोय?"



बाजाराच्या टोकाला एक शेतकरी नवरा-बायको तांबूस बैल घेऊन उभे होते. हंबीरराव आणि तानाबाई. त्यांचा दुसरा बैल साप चावून मेला होता.

"इकायचा व्हय?" कुतुबुद्दीनने विचारलं.

"जोड मिळाली असती तर कशाला इकला असता, पावणं?" हंबीरराव म्हणाला. "दोन महिनं हुडकतोय."

"वैरण कोण टाकतं?"

"मीच," तानाबाई म्हणाली. "ह्यांच्या हातचं खात न्हाय त्यो. खोटं कशाला बोलू, ह्यांच्या हातचं मी बी खात न्हाय."

"उन्हाचं कुठं बांधता?"

"आंब्याखाली. आमच्याआधी त्योच लवंडतोय."

"आन् म्हातारा झाल्यावर?"

तानाबाई भडकली. "म्हातारं झालं म्हणून ह्यास्नी इकलं का मी?"

कुतुबुद्दीन हसला. थंडीपासून तो पहिल्यांदाच हसत होता.

दोन्ही बैल एका जुवाखाली धरले आणि एक फेरी मारली. पाय जुळले. थांबल्यावर तांबूस बैलानं हरण्याची मान चाटली. तानाबाईनं दोघांपुढं कडब्याची पेंढी सोडली. हरण्यानं आधी नुसता वास घेतला. मग त्यातलं एक ताट ओढलं. मग दुसरं.

कुतुबुद्दीन तोंड फिरवून उभा राहिला. टोपीनं त्यानं डोळे पुसले.

जमलं एकदाचं, असं म्हणत मास्तर तिथंच पोत्यावर बसले. मांडीवर कागद ठेवला. तारीख घातली, गावाचं नाव घातलं. घेणाऱ्याच्या जागी 'कुतुबुद्दीन' लिहायला त्यांनी पेन टेकवलं, तर त्यानं येऊन त्यांचा हात धरला. हरण्याचा कासरा त्याच्याजवळ नव्हता. तो तानाबाईच्या हातात होता.

"तिथं हंबीररावांचं नाव घाला, मास्तर," तो म्हणाला. "माझं देणाऱ्यात."