लाटेचं बटण

"हो गया, बाबूजी! आता दाबून पाहा."

चेतनाने लॅपटॉप सासऱ्यांपुढे सरकवला. शामरावांनी एका बोटाने एक बटण दाबलं, मग ए दाबला, आणि काय सांगावं, इंग्रजी ए डोक्यावर आडवी रेघ घेऊनच उमटला! शामराव खुदकन हसले. मग उगीचच ओळभर रेघवाले ए काढत बसले.

जर्मनीतली नात, अनुश्री, आज बुद्धपौर्णिमेला विहारातल्या सगळ्यांसमोर व्हिडिओवरून वंदना म्हणणार होती. पोरीला देवनागरी वाचता येत नाही. साध्या इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवलेली पाली ती स्टेशनवरच्या अनाउन्समेंटसारखी सपाट म्हणायची. कुठे लांबवायचं, ते तिला कळणार कसं? म्हणून सुनेने हा नवा कीबोर्ड बसवून दिला होता.

"बेटा, अजून एक बटन पाहिजे," शामराव म्हणाले. "अक्षरावर लाट."

"पण पालीत स्वरावर लाट नसते, बाबूजी."

"पुस्तकात नसन. माह्या आईच्या गळ्यात होती."

शेवटच्या ओळीला त्यांची आई आवाज असा काही उचलायची, की गुढियारीतला अख्खा मोहल्ला गप्प व्हायचा. शामरावांचा गळा आता तिथवर चढत नव्हता. आपल्यासोबतच ती चाल जाते की काय, याचा त्यांनी धसकाच घेतला होता. चेतनाने त्यांच्याकडे पाहिलं, "हव" म्हणाली आणि लाटेलाही एक बटण देऊन टाकलं.

वंदना टाइप झाली, गेली. सोबत निरोपही गेला: लाट दिसली की आवाज वर न्यायचा, सोडायचा नाही.

थोड्या वेळाने फोन वाजला. "आजोबा, एकदा म्हणून बघू?"

"म्हण, माय, म्हण!"

अनुश्री म्हणू लागली. रेघ येईल तिथे लांबवत, न अडखळता. शेवटची ओळ जवळ आली तशी शामरावांनी टेबलाची कड घट्ट धरली. आणि पोरीने आवाज उचलला! वर, आणखी वर, थेट तसाच. शामरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि हसू तर आवरेना.

आत खीर ढवळणाऱ्या शामरावांच्या पत्नी सत्यभामाबाईंचा हात थांबला. सासूला जाऊन जमाना झाला होता. तरी हातात डाव तसाच घेऊन, डोक्यावर पदर ओढत, त्या लगबगीने दारात येऊन उभ्या राहिल्या.