तीच ओळ

कवठे महांकाळच्या घरी एकटा बसून इंद्रजित कंपनीसाठी क्लाउडवर डिजिटल चाव्यांच्या जोड्या बनवायचा. एका चावीने मजकूर कुलूपबंद व्हायचा, दुसरीने उघडायचा. तोच मजकूर परत आला, की जोडी बरोबर.

तपासायला त्याची ओळ ठरलेली होती: ‘आई, जेवलीस का?’

आई जाऊन वर्ष झालं होतं. तेव्हापासून घरात पीठ आलं नव्हतं; डबा खानावळीतून यायचा.

आज दुपारी त्याने नवी जोडी बनवली, ओळ बंद केली आणि उघडली.

‘न्हाई रं. तुझ्यासाठी थांबलीया.’

काहीतरी चुकलं असेल म्हणून त्याने तीच ओळ पुन्हा बंद करून उघडली.

‘ऊठ, हात धू.’

स्वयंपाकघरात कुणीतरी भाकरी थापत होतं.