स्वखुशीने

“पुन्हा विचारतो, ताई,” अध्यक्ष म्हणाले. “हा राजीनामा तुम्ही स्वखुशीने देताय?”

“हो.”

“माझ्याकडे बघून सांगा.”

तिने बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. खोटं बोलायची सवय नसली की माणसाचे असे हाल होतात. सभागृहात जिला सगळे तोफ म्हणायचे, भल्याभल्या मंत्र्यांना जिने घाम फोडला, तिच्या तोंडून आज एक साधं ‘हो’ धड निघत नव्हतं.

नियमच तसा होता. आमदाराने राजीनामा नुसता पाठवून चालत नसे. स्वतः अध्यक्षांपुढे यायचं, अध्यक्षांनी विचारायचं, आणि दबावाची नुसती शंका आली तरी कागद परत करायचा. एका नवख्या आमदाराला डांबून ठेवून त्याची सही घेतली होती, तेव्हा हा नियम व्हावा म्हणून तीच घसा फोडून भांडली होती. बाकं वाजवून सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं. आता तोच नियम तिच्या मुळावर आला होता.

सकाळी तिच्या मुलाला पोलिसांनी उचललं. त्याचं औषधांचं दुकान. गल्ल्यामागून बंदी असलेल्या गोळ्यांची पाकिटं निघाली. ती कुणी आणून ठेवली होती हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. दुपारी दीर निरोप घेऊन आला. चहाला हातसुद्धा न लावता म्हणाला, “वहिनी, उद्याच्या मतदानात कारखानेवाल्यांना तुम्ही नको आहात. आज पाचच्या आत राजीनामा मंजूर झाला तर पोरगा रात्री घरी जेवेल. नाही झाला, किंवा तुम्ही कुठे तोंड उघडलंत, तर...” पुढचं त्याला बोलवेना. शेवटी तोही काका होता.

उद्याचं मतदान नदीकाठच्या वस्त्या उठवून ती जमीन कारखान्याला द्यायची की नाही, यावर होतं. पारडं एका मतावर अडलं होतं. वस्तीतल्या बायकांना तिने शब्द दिला होता. पण कोठडीत बसलेलं आपलंच पोर होतं, आणि आईला दुसरं काही सुचत नाही.

“तब्येत साथ देत नाही,” ती म्हणाली.

“काल जिन्यात मला मागे टाकून गेलात.”

“कंटाळा आलाय राजकारणाचा.”

“तुम्हाला? एक वेळ राजकारणाला तुमचा येईल.”

“सुनेला दिवस गेलेत. घरी कुणीतरी हवं.”

“मग रजा घ्या. आजी व्हायला राजीनामा लागत नाही.” त्यांनी कागद तिच्याकडे परत सरकवला. “ताई, मी तुम्हाला आज ओळखतो का? कुणीतरी तुमच्या मानेवर सुरी ठेवलीय. नाव सांगा, पुढचं मी बघतो.”

भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच झाले होते. तिला वाटलं, यांचे पाय धरावेत, ओरडून सांगावं. सांगितलं की कागद परत, आणि कागद परत की पोरगा गेला. वाईट माणसाशी कसं भांडायचं हे तिला ठाऊक होतं. भला माणूस आडवा आला की काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि हा माणूस खरंच भला होता. नवरा गेल्यावर पक्षाच्या म्हाताऱ्या साहेबांनी तिला तिकीट दिलं, तेव्हा गावभर भिंतींवर तिचं आणि साहेबांचं नाव जोडून घाणेरडं लिहिलं गेलं. अध्यक्ष तेव्हा साधे कार्यकर्ते होते. चुन्याची बादली घेऊन त्यांनी स्वतःच्या हाताने सगळ्या भिंती पुसल्या. त्या दिवसापासून तिने त्यांना भाऊ मानलं. आणि त्या दिवसापासून ती फुंकून पाऊल टाकत आली. आपल्या खोलीचं दार तिने कधी लोटून घेतलं नाही, कुठल्या पुरुषाशी मोकळेपणी हसली नाही, आणि सासू होती तोवर प्रत्येक दौऱ्यावर सासूला बरोबर नेलं. म्हातारी गाडीत घोरायची आणि कार्यकर्ते हसायचे. हसेनात का. नावाला डाग नव्हता. तेवढंच एक तिने आयुष्यात कमावलं होतं.

ती उठली, दार लावून आली आणि उभ्यानेच म्हणाली, “माझं एका माणसाशी प्रकरण आहे. फोटो निघालेत. उद्या सगळीकडे येतील. मी पदावर असताना आले तर पक्षाची अब्रू जाईल.”

कानांपर्यंत रक्त चढलं. तो माणूस कोण, कधीपासून, कुठे भेटायचा, सगळी उत्तरं तिने तेवढ्यात मनाशी जुळवून ठेवली. आधीच्या तीन थापा त्यांनी चुटकीसरशी पकडल्या होत्या. ही तर त्यांहून मोठी. ही कशी गळी उतरवायची, याचाच तिला घोर होता.

अध्यक्षांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी कागद ओढला, ‘स्वखुशीने दिल्याची खात्री पटली’ असं लिहिलं आणि खाली सही केली. घंटी वाजवली. सचिव आत आला आणि कागद घेऊन गेला. पाच वाजायचे होते. पोरगा सुटला होता. ती दाराकडे वळली.

नेहमीसारखे अध्यक्ष तिला दारापर्यंत सोडायला आले. भावाने बोलावं तसं मायेने, आवाज खाली आणून म्हणाले, “काळजी करू नका, ताई, माझ्याकडून हे बाहेर जाणार नाही. साहेबांचं आणि तुमचं होतं, तेव्हा तरी आम्ही कुणी चकार शब्द काढला का?”