भरीव काळा

मशीनने कागद अर्धाच बाहेर ढकलला, एकदा घरघर केली आणि मान टाकली.

झेरॉक्सच्या दुकानाच्या मालकीणबाई काउंटरमागून उठेपर्यंत म्हातारे इंजिनिअर मशीनपाशी पोचलेही होते. शर्टाच्या खिशातून स्क्रू ड्रायव्हर निघाला. हा माणूस एक वेळ चष्मा विसरेल, पण स्क्रू ड्रायव्हर घेतल्याशिवाय घराबाहेर पडणार नाही.

“राहू द्या, काका. उघडू नका ते,” बाई जरा घाईनेच म्हणाल्या. “मी मेकॅनिकला बोलावते.”

ते शब्द इंजिनिअरांना चांगलेच लागले. या मशीनचं काळीज ज्याने घडवलं तो समोर उभा असताना मेकॅनिक?

काळीज म्हणजे टोनरचा रोलर. टोनर ही काळी पूड, बोटाला लागली तर सहजी सुटत नाही अशी चिवट. ती नेमकी अक्षरापुरती बसवायची आणि बाकी कागद कोरा ठेवायचा, या एका कामात इंजिनिअरांची सगळी उमेद खर्ची पडली होती. सुरुवातीच्या मशीनमध्ये जाड अक्षराच्या कडा तेवढ्या काळ्या यायच्या, मधलं पोट पांढरंफटक. इंजिनिअरांनी लोहचुंबकाचा रोलर बनवला. त्याच्यावर लोखंडाची बारीक भुकटी ब्रशच्या केसांसारखी उभी राहायची आणि हलक्या हाताने टोनर फासायची. मग जास्तीचा थर खरवडणारी पट्टी आली, मग उडणारी पूड गोळा करणारा खण. पेटंटं कंपनीच्या नावावर गेली. यांच्या वाट्याला निवृत्तीच्या दिवशी एक घड्याळ आलं, आणि तोवर काळ्या झालेल्या कॉलर. “लोकांचे कागद काळे करा, माझे उशीचे अभ्रे तेवढे सोडा,” असं बायको म्हणायची. ती गेली. मुलगी परदेशात, ती मोकळी होते तेव्हा हे झोपलेले असतात. अभ्रे आता पांढरेशुभ्र राहतात, आणि इंजिनिअरांना त्याचंच वाईट वाटतं.

कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलं होतं. साऱ्या शहरात त्यांचा रोलर फिरत असलेलं एवढं एकच मशीन उरलं होतं, म्हणून ते रोज इथे यायचे. कधी विजेचं बिल घेऊन, कधी औषधाची चिठ्ठी, काहीच नसलं तर वर्तमानपत्रातलं अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं. गरम कॉपी हातात पडली की भिंग लावून बघायचे.

“बघा, ताई! कडेपासून मधोमध सारखा, भरीव काळा. आहे दुसऱ्या कुठल्या रोलरची हिंमत?”

बाई कागदांचे गठ्ठे सारखे करत “हं” म्हणायच्या. इंजिनिअरांना वाटायचं, यजमान गेल्यावर एकटीने दुकान ओढायचं म्हणजे जीव मेटाकुटीला येत असणार. त्यात आपली ही टकळी. पण घरी तरी ती कोणापुढे चालवायची?

आणि मेकॅनिक मागच्या खेपेला त्यांच्यासमोरच म्हणाला होता, आता बंद पडलं तर सरळ भंगारात काढा. मशीन गेलं की इथे यायचं निमित्त गेलं. मग दिवसभर नुसत्या भिंती. त्या विचारानेच इंजिनिअर घाबरले, आणि घाबरले म्हणून हट्टाला पेटले.

“ताई, याची नस न् नस मला ठाऊक आहे.”

“काका, माझं ऐका तरी—”

त्यांनी झाकण उघडलं.

बिघाड अगदीच किरकोळ होता. दातेरी चाकात कागदाचा चिटोरा अडकला होता. चिमट्याने ओढताच निघाला. इंजिनिअर खुशीत आले. आलोच आहोत तर भेटून जावं, म्हणून त्यांनी आतल्या रोलरकडे पाहिलं.

रोलर त्यांचा नव्हता.

त्यांनी बोट लावून पाहिलं. फोमचा, मऊ, भलत्याच कंपनीच्या मशीनमधला. चुंबक नाही, पट्टी नाही, खण नाही. कोणीतरी तो आख्खा संच कानशीने घासून, तारेने आवळून इथे बसवला होता. तारेवर गंज चढला होता.

“हा कधीपासून?”

बाईंनी मान खाली घातली. “आमचे हे होते तेव्हापासून. तुमचा रोलर झिजला, सुटा भाग कुठे मिळेना. यांनीच हा बसवला.”

इंजिनिअरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज भिंग लावून कौतुक केलं ते दुसऱ्याच कोणाच्या काळ्याचं! काळ्या-काळ्यातला फरक ओळखण्याचा आयुष्यभर पगार घेतलेल्या माणसाला एवढंही दिसू नये? बघायचंच नसेल तर भिंग तरी काय करणार!

“आणि तुम्ही रोज ‘हं’ म्हणत ऐकून घेत होता.”

“हो.”

“हसू येत असेल.”

“नाही, काका.”

त्यांनी झाकण बसवलं, स्क्रू आवळले, बटण दाबलं. मशीन मुकाट्याने चालू झालं. बाहेर आलेल्या कॉपीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

“झालं. मेकॅनिक नको आता,” ते दाराकडे वळत म्हणाले. “आणि मलाही आता इथे यायचं काही कारण उरलं नाही. एकदा सांगायचं तरी होतंत, ताई.”

“हे असताना आम्ही तुमचं मन मोडायला नको म्हणून गप्प राहिलो,” बाई म्हणाल्या. “हे गेल्यावर मात्र मी माझ्यासाठी गप्प राहिले. गिऱ्हाईकं येतात, ‘दोन कॉपी’ म्हणतात आणि जातात. माझ्याशी रोज बोलायला येणारं माणूस तुम्ही एकटेच आहात, काका.”