एका पाळण्यापुरता

या, असे जवळ या. फार जवळ नको, हातभर अंतर ठेवून बसा. गोष्ट साथीच्या दिवसांतली आहे. लहानशीच सांगतो, पण मन इकडेतिकडे जाऊ देऊ नका.

"दादाजी, मास्क नाक के ऊपर लीजिए," निळ्या केसांचा टोप घातलेली मुलगी म्हणाली.

"मुझे मत सिखाओ!" विश्वनाथबुवा गरजले. चाळीस वर्षं कीर्तनात कमावलेला आवाज. एमपी नगरातल्या त्या हॉलच्या दारातली सगळी रांग वळून बघू लागली. रांगेत कोणाला शेपूट होतं, कोणाला शिंगं, कोणाच्या पाठीवर पुठ्ठ्याची तलवार. जपानी कार्टूनवाल्यांचं संमेलन म्हणे.

"ॲनिमे, आजोबा. कार्टून नाही," असं शर्वरीनं सकाळीच सुधारलं होतं. तेव्हाही बुवा असेच गरजले होते. "नावं कसली सांगतेस? तिसरी लाट दारात आलीय आणि तुला सोंगं सुचतायत? आजीचं वर्षश्राद्ध नाही झालं अजून!"

शर्वरी, त्यांची एकुलती नात. पिशवी उचलून निघून गेली. दुपारी बुवांनी कपाट उघडलं, तर पत्नीचं, सुहासिनीबाईंचं जांभळं इरकली लुगडं जागेवर नव्हतं. उरला होता तो हातभर पदर, कात्रीनं कापलेला. मग मात्र बुवांनी तडक साकेत नगरातून रिक्षा केली.

तेच लुगडं बाई गेल्या रामनवमीला नेसल्या होत्या. बुवांच्याच दिवाणखान्यात, दार लोटून, पंचवीस माणसांत रामजन्माचं कीर्तन झालं होतं. पाचव्या दिवशी बाईंना ताप आला. बाराव्या दिवशी सगळं संपलं. तेव्हापासून भेटेल त्याला बुवा सांगत, "पुण्यवान बाई. पाळण्याची दोरी हातात धरून रामाला जोजवलं, आणि रामानं बोलावून घेतलं." सांगताना त्यांचे डोळे भरत. ऐकणाऱ्याचेही भरत.

बुवा आत शिरले तेव्हा शर्वरी मंचावर होती. कुठल्याशा मालिकेतली रणरागिणी झाली होती. तीन महिने शिवत होती तो पोशाख. कमरेला लुगड्याचा काठ, हातात फोमची तलवार, नाकातोंडावर जाड पांढरा मास्क. वेशभूषेच्या स्पर्धेत शेवटच्या तिघांत तिचा नंबर लागला होता. समोर पोरं शिट्ट्या मारत होती, आणि बुवांच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती. माझ्या बायकोचं लुगडं, आणि या भुतावळीत!

त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. जन्माची सवय आडवी आली. कीर्तनकार नारदाच्या गादीवर उभा राहिला की राजानंसुद्धा त्याला मध्ये टोकू नये, हे त्यांनीच घरात सगळ्यांना शिकवलं होतं. मंच तो मंच. उतरू दे, मग दंडाला धरून नेतो, असं मनाशी म्हणत ते भिंतीला टेकले.

"शर्वरी, बस एक मिनट मास्क हटा दो," तुषार नावाचा निवेदक माइकवर म्हणाला. "फेस दिखेगा तभी तो जज मार्क्स देंगे. बाकी दोनों ने हटा दिया, यार!"

"नहीं हटाऊँगी."

"अरे, एक मिनट में क्या होता है?"

हॉल हसला. "हटा दो! हटा दो!" पोरांनी टाळ्यांवर ठेका धरला. शर्वरीनं तलवार खाली टाकली. तिचा आवाज कापत होता, पण भीतीनं नव्हे. तो संताप बुवांनी भिंतीशी उभ्याउभ्या ओळखला. तो त्यांच्याच घरातला होता.

"मेरी आजी ने भी एक ही गाने के लिए हटाया था," ती म्हणाली. "गाने वाले ने कहा था, भगवान के सामने कोई मुँह ढककर गाता है क्या?"

टाळ्या थांबल्या. ते वाक्य कोणाचं, हे शर्वरीखेरीज त्या हॉलमध्ये एकाच माणसाला ठाऊक होतं.

बक्षीस दुसऱ्याच कोणाला गेलं. शर्वरी पायऱ्या उतरून आली आणि समोर आजोबा दिसले तशी थबकली. दंड धरायला उचललेला बुवांचा हात तसाच हवेत राहिला.

"चारचौघांत आजीला आणलंस?" बुवा म्हणाले. राग होता अजून, पण आवाजात कस उरला नव्हता. "रामासाठी काढला होता तिनं मास्क. श्रद्धेनं."

"मी पेटीवर होते, आजोबा. मला सगळे दिसत होते. तुम्ही म्हणालात, पण कुणीच काढेना. सगळे एकमेकांकडे बघत होते. मग आजीनं पहिला काढला, आणि तिचं बघून बाकीच्यांनी." शर्वरीनं डोळे पुसले नाहीत. "ॲम्ब्युलन्समध्ये मला म्हणाली, नको होतं गं मला काढायला. पण गादीवरून निघालेला यांचा शब्द पंचवीस जणांत खाली कसा पडू द्यायचा?"

हनुवटीवर आलेला मास्क बुवांनी दोन्ही हातांनी वर ओढला. नाक झाकलं, आणि ते बाहेर रिक्षा बघायला गेले.

तर श्रोतेहो, येत्या रामनवमीला पाळण्याची दोरी तुमच्या हाती येईल, तेव्हा सुहासिनीबाईंना एकदा आठवा. आणि ती बाई भक्तीनं गेली असं कोणी सांगू लागला, तर त्याला मध्येच टोका. गादीवरून सांगत असला, तरी टोका.