घर या नावाचा पत्ता

धाकट्या लेकीला पहिला मुलगा झाला त्या वर्षी काकूंनी मोबाइलवरून पहिली वस्तू मागवली, आणि ती भलत्याच घरी गेली.

वस्तू म्हणजे शिलाई मशीनला बसवायची मोटार. काकूंचे गुडघे आता पाय मारू देत नव्हते, आणि नातवाची झबली व्हायची होती. त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा. म्हणून त्यांनी नवऱ्याचा मोबाइल मागितला. घड्याळं दुरुस्त करतात म्हणून सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. ते तेव्हा आंघोळीला गेले होते.

"घे की. सगळं भरलेलं आहे त्यात," ते मोरीतून ओरडले. "तू नुसतं दाबत जा."

काकू वाचायला शिकल्या पन्नाशीनंतर, धाकटीच्या जुन्या पुस्तकांवर. एकेक अक्षर लावत त्यांनी काम तडीस नेलं. शेवटी पत्त्यासाठी दोन चौकोन आले. एकावर 'घर', दुसऱ्यावर 'दुकान'. काकूंनी 'घर' दाबलं. त्यात चुकण्यासारखं काय होतं?

चौथ्या दिवशी मोबाइलवर निरोप आला, पार्सल पोहोचलं. दारात तर काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्सलवाला गल्लीत दिसला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, जिना चढायचा म्हटलं की खालूनच हाका मारणारा माणूस. काकूंनी त्याला अडवलं.

"माझी मोटार खाल्लीस का रे?"

"काकू, मला डाळ पचत नाही, मोटार कुठली पचायला?" त्याने फोनमध्ये पाहिलं. "ही बघा. पाण्याच्या टाकीमागची पिवळी इमारत, दुसरा मजला. काकांचा नेहमीचाच पत्ता आहे."

"नेहमीचा?"

"महिन्याला काहीतरी असतंच. दप्तर, बूट, रंगपेटी. मागे मी दारावरनं फोन केला तर म्हणाले, नातीच्या हातात द्या."

काकू मोटार विसरल्या. धाकटीचा मुलगा दीड महिन्याचा. नात असलीच तर ती एकाच घरात असू शकत होती.

थोरल्या लेकीने अकरा वर्षांपूर्वी आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हा घड्याळजींनी बायकोला बजावलं होतं, "तिच्या उंबऱ्याला पाय लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील." काकूंनी पाय लावला नाही. पत्तासुद्धा विचारला नाही. आधी आधी थोरलीचं नाव निघालं की घड्याळजी ताट सरकवत. गेली दोनेक वर्षं ते नुसते उठून बाहेर जात. काकूंना वाटायचं, दगड विरघळतोय. आणखी थोडं थांबू.

त्या तशाच दुकानात गेल्या. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळावर वाकले होते.

"मोटार भलतीकडे गेली," काकू म्हणाल्या. "मी 'घर' दाबलं."

चिमटा हवेतच थांबला.

"मी परत मागवतो. तू त्यात पडू नकोस."

"कुणाचं घर आहे ते?"

"एका गिऱ्हाइकाचं."

"गिऱ्हाइकाचं घर ते आपलं घर?"

"अगं, त्या मोबाइलला दोनच नावं माहीत. घर नाहीतर दुकान. काहीतरी दाबावं लागतं." त्यांनी भिंग काढलं नाही. "एक ऐक माझं. तिकडे जाऊ नकोस."

ते इतक्या हळू आवाजात कधी बोलत नसत. काकूंना तो आवाज चोराचा वाटला.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि बाहेर पडून सरळ बसथांब्यावर गेल्या.

बसमध्ये त्यांच्या अंगाची लाही लाही होत होती. शपथ घालणारा स्वतः रंगपेट्या वाटत होता, आणि शपथ पाळणारी अकरा वर्षं रस्त्यावरच्या प्रत्येक बाईच्या चालीत आपली पोर शोधत होती. पण रागाच्या तळाशी दुसरंच काहीतरी उसळत होतं. थोरलीला भेटल्यावर काय करायचं ते त्या मनात घोळवू लागल्या. आधी एक थोबाडीत द्यायची, एकदाही आली नाहीस म्हणून. मग तिच्या हातचा चहा प्यायचा. मग रडायचं. याच क्रमाने. आधीच रडू आलं तर सगळा बेत फसणार होता.

पिवळी इमारत सापडायला वेळ लागला नाही. दुसरा मजला चढायला मात्र लागला.

दार एका नऊ-दहा वर्षांच्या मुलीने उघडलं. बोटांना निळा रंग लागलेला.

"माझं पार्सल चुकून इथे आलंय," काकू म्हणाल्या.

"शिलाई मशीनचं चित्र आहे ते? आम्ही उघडलं नाही. बाबा म्हणाले, आजोबा आले की विचारू." मुलगी आत वळली आणि थबकली. "पण ते आजोबांनी मागवलंय ना? मग तुमचं कसं?"

"त्यांच्या मोबाइलवरनं मी मागवलं."

"म्हणजे तुम्ही आजी?"

काकूंनी मान हलवली. थोबाडीत मारायच्या हाताने त्यांनी दाराची चौकट धरली होती.

"आई कुठेय तुझी? बोलाव तिला. म्हणावं, म्हातारी आलीय, जिना चढून."

मुलगी जागची हलली नाही.

"आता कशाला आलात?" ती म्हणाली. "आई रोज विचारायची, आजी कधी येणार. दवाखान्यातसुद्धा. आजोबा दर वेळी सांगायचे, मी तिच्या हातापाया पडलो, पण ती यायला तयारच नाही."

थोरली दोन वर्षांपूर्वी वारली होती. अकरा मार्चला, सकाळी.