गॅस हवेत सोडू नये

अण्णासोंनी कटर फिरवला, फ्रिजची नळी कापली गेली आणि फुस्स करून सगळा गॅस बाहेर पडला. वर्कशॉपमध्ये उभे असलेले बावीस मेकॅनिक माना उंचावून बघू लागले.

गॅस ओढून घेणारं मशीन शेजारी चालू होतं. त्याचा पाइप मात्र अजून जमिनीवरच पडलेला. आधी नळीवर भोक पाडणारा चिमटा बसवायचा, त्याला पाइप जोडायचा, मग गॅस सिलिंडरमध्ये भरून घ्यायचा. परीक्षा एवढ्याचीच होती. पण गेली चौतीस वर्षं अण्णासोंचा हात आधी कटरकडंच जात आला होता.

टेबलामागं गुणांचा कागद घेऊन साक्षी उभी होती. कोल्हापुरातल्या या प्रशिक्षणाची ती शिक्षिका, आणि अण्णासोंची मुलगी. ही दुसरी गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. अण्णासोंनी मात्र पहिल्याच चहाला, कागलपासून पन्हाळ्यापर्यंतच्या एकेका मेकॅनिकला गाठून सांगितली होती.

सकाळीच तिनं सगळं समजावलं होतं. फ्रिजमधला हा गॅस हवेत गेला की पृथ्वी तापते. एक किलो गॅस म्हणजे चौदाशे किलो कार्बन डायऑक्साइडची बरोबरी. म्हणून किगाली नावाच्या शहरात सगळ्या देशांनी बसून ठरवलं, हे गॅस टप्प्याटप्प्यानं कमी करायचे. आपल्या देशानंही दोन हजार एकवीस साली ते मान्य केलं.

“किगाली म्हंजे कागलच्या अलीकडं का पलीकडं?” शाहूपुरीच्या कृष्णातनं विचारलं होतं.

“आफ्रिकेत हाय,” हसू आवरत साक्षी म्हणाली होती. “पन करार पाळायचा तुमच्या दुकानात.”

आता कुणी हसत नव्हतं.

“जाऊ दे की मॅडम,” कृष्णातच बोलला. “एवढुसा तर गॅस. आनि वडील हायती तुमचं. धरा पास.”

साक्षीनं कागदाकडं बघितलं. मघाशी याच चुकीला तिनं पन्हाळ्याच्या एका मेकॅनिकला नापास केलं होतं. तो कोपऱ्यात उभा राहून तिच्याकडंच बघत होता. तिनं पेन उघडलं, पुन्हा बंद केलं.

अण्णासो पुढं आले. कटर टेबलावर ठेवला.

“लिवा मॅडम,” ते म्हणाले. “नापास लिवा.”

जन्मात त्यांनी तिला मॅडम म्हटलं नव्हतं. तिनं लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

पाच वाजता सगळे पांगले. अण्णासो बाहेरच्या पायरीवर बसून होते. साक्षी येऊन शेजारी टेकली.

“आबा, रागावलासा काय?”

“तुज्यावर? न्हाय गं.” त्यांनी तिचा हात ओढून आपल्या गुडघ्यावर घेतला आणि तळवा वर केला. “ल्हान हुतीस. तुजी आई सूतगिरणीत जायची, मग मी तुला कामावर संगं न्यायचो. फ्रिज खोलला की हात फुडं करून उभी. ‘आबा, गार वारं द्या.’ नळी कापायच्या आदी मी तुला हाक मारायचो. हातावर गार लागलं की आशी हसायचीस...” त्यांनी तिचा तळवा मिटवला. “कदी कदी काम नसलं तरी सिलिंडर उगडून दावायचो. सकाळी तू ते चौदाशे किलोचं सांगितलंस, आनि माज्या डोळ्यांफुडं तुजा हात आला. तुला हसवायला म्हणून मी किती सोडला आसंल, पोरी?”

साक्षीनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिथं तेलाचा आणि वेल्डिंगचा तोच वास होता.

“तुमाला म्हाईत न्हवतं, आबा.”

“व्हय. आता झालं की म्हाईत.” त्यांनी नाक ओढलं. “फुडची बॅच कदी हाय?”

“पंधरा दिवसांनी.”

“माजं नाव घाल. पयल्या बाकावर.”

इतक्यात त्यांचा फोन वाजला. राजारामपुरीचं जुनं गिऱ्हाईक. त्याचा आवाज इतका मोठा की साक्षीलाही सगळं ऐकू येत होतं.

“आण्णा, फ्रिज गार हुईना बगा. येताय न्हवं?”

अण्णासो निम्मे उठले, आणि पुन्हा खाली बसले.

“गॅसचं काम पंधरा दिवस बंद हाय पावणं. घाई आसंल तर शाहूपुरीच्या कृष्णातला बोलवा. त्यो आज पास झालाय.”

“बंद? आजारी हायसा काय?”

“न्हाय वो. शिकतोय.”

पलीकडं एकदम खो खो हसणं. “ह्या वयात? तुमाला कोन शिकवनार, आण्णा?”

अण्णासोंनी साक्षीकडं बघितलं. तिनं ओढणीनं तोंड झाकून घेतलं होतं.

“हाय एक मास्तरीण,” ते म्हणाले. “लई कडक हाय. सगळ्यांम्होरं नापास केलंय मला.”